आवाज बंद करून पाहिलेला ट्रेलर : गुन्हेपट कोणत्या दृश्यखुणांवरून ओळखू येतो?

शहापूरकर (धागाकर्ता)

गुन्हेपटाचा ट्रेलर ओळखायला पिस्तूल, रक्त आणि पोलिसांची जीप एवढे पुरते, असा एक समज आहे आणि बहुतेक पोस्टरे आजही त्याच समजावर बेतलेली असतात. मला तो पटत नाही. पिस्तूल युद्धपटातही असते, रक्त भयपटात त्याहून जास्त असते आणि पोलिसांची जीप तर विनोदी चित्रपटाच्या शेवटी हमखास येते. तरीही आवाज पूर्ण बंद करून एखादा ट्रेलर लावला, तर हे प्रकरण गुन्ह्याचे आहे एवढे आपल्याला सुरुवातीच्या काही सेकंदांतच कळते आणि पुष्कळदा तोवर पडद्यावर शस्त्र आलेलेही नसते. मग कळते कशावरून, हा या धाग्याचा विषय.

माझे म्हणणे असे की, गुन्हेपटाच्या ट्रेलरमधील दृश्ये भूतकाळात बोलतात. भयपटाची चौकट पुढे काय येणार याची वाट पाहत असते. रिकामा बोळ, अर्धवट उघडे दार, पात्राच्या पाठीमागे मुद्दाम मोकळी सोडलेली जागा. गुन्हेपटाची चौकट मात्र येथे काय घडून गेले हे न्याहाळत असते. लवंडलेला पेला, जोडीतली एकच चप्पल, बाहेरून कुलूप असूनही आत दिवा जळत असलेले घर, चार्जरला लावलेला आणि कोणीच न उचललेला फोन. यांतली एकही वस्तू मुळात गुन्ह्याची नाही. ती आपल्या नेहमीच्या जागेवरून हललेली असते आणि कॅमेरा तिच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहत राहतो.

याचा सर्वांत धीट नमुना १९६० सालच्या ‘सायको’ या चित्रपटाचा ट्रेलर आहे. सहा मिनिटांहून मोठ्या या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक स्वतः रिकामे मोटेल आणि त्यामागचे घर प्रेक्षकांना फिरवून दाखवतात. जिना, कपाट, पलंग, न्हाणीघर. सगळे आवरलेले, पुसलेले, स्वच्छ. अगदी शेवटी ते न्हाणीघराचा पडदा ओढतात तेव्हा एक स्त्री किंकाळी फोडते, आणि तीही चित्रपटात त्या जागी असणारी जॅनेट ली नसून केसांचा टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे. म्हणजे मूळ प्रसंगातले काहीच न दाखवता केवळ जागा दाखवून गुन्हा सांगितला आहे.

मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून पोट भरतो, म्हणून माझ्या धंद्यातले एक उदाहरण देतो. पाटावर ठेवलेल्या हिरव्या बांगड्यांचा क्लोज-अप आम्ही प्रत्येक लग्नात घेतो. त्यासाठी मोठा, मऊ उजेड समोरून किंवा किंचित वरून टाकतो, सावली जवळजवळ दिसू देत नाही आणि कॅमेरा बांगड्यांच्याच उंचीवर आणतो, म्हणजे त्या जवळच्या वाटतात. त्याच बांगड्या, तोच पाट आणि तीच भिंग ठेवून एकच लहान दिवा बाजूने, जमिनीलगत लावा. सावली बांगडीपेक्षा लांब पडेल. आता कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर न्या आणि खाली रोखा. बांगड्यांपैकी एक तीन-चार बोटे दूर सरकवा. चित्र बदलते. पाहणारा आता वऱ्हाडी राहत नाही, तो तपासाला आलेला असतो. एक थेंब रक्त न सांडता हे साधते, आणि ट्रेलर कापणाऱ्याला दीड सेकंदात नेमके एवढेच साधायचे असते.

प्रकाशाबद्दल थोडे. काळोख जास्त आणि उजेड थोडा, कडक कडांचा, ही रीत जर्मन चित्रपटांतून अमेरिकेत गेली आणि १९४०च्या दशकातल्या तिथल्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांत रूढ झाली. खिडकीच्या आडव्या झडपांच्या पट्ट्या चेहऱ्यावर पडलेल्या दिसतात, त्या तेव्हापासूनच्या. आपल्याकडे तशा झडपा कोणाच्या घरी असतात? तरीही ट्रेलरमध्ये मुंबईच्या चाळीतल्या खोलीतसुद्धा त्या पट्ट्या कशा येतात, याचे मला नेहमी कौतुक वाटते. खिडकीचे उभे गज, कौलांतून उतरणारा कवडसा, पत्र्याच्या भोकांतून येणाऱ्या उजेडाच्या सळया हे सगळे आपल्याकडे आयतेच असताना उसनवारी कशाला? ओला रस्ता हाही तसाच एक जुना प्रकार आहे. पाऊस नसला तरी रात्रीच्या चित्रीकरणापूर्वी रस्त्यावर टँकरने पाणी मारतात, कारण कोरडे डांबर उजेड गिळून टाकते आणि ओले डांबर तो परत देते. त्यामुळे काळोखातही रस्त्याला आकार येतो.

आपल्या बेळगावच्या सीमाभागात मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषांतले ट्रेलर आपण रोज पाहतो. आपल्या नजरेला काय खटकते, काय पटते, ते लिहावे. कृपया आवाज बंद ठेवून पाहूनच लिहावे.

बोलपट

शहापूरकर, मांडणी चांगली आहे, पण ती गुन्हेपटाच्या एकाच घराण्याला लागू पडते. तपासकथा भूतकाळात बोलते हे मान्य. टोळीयुद्धाच्या चित्रपटाचे काय? तेथे सगळे वर्तमानात चाललेले असते. खाली ठेवलेला कॅमेरा, समोरून संथ गतीने चालत येणारी माणसे, मधल्या माणसाच्या दोन पावले मागे असणारे त्याचे साथीदार, एकामागोमाग एक थांबणाऱ्या गाड्या आणि दार आपण स्वतः न उघडणारा मालक. या खुणा घडून गेलेल्या गोष्टीच्या नसून सत्तेच्या आहेत. कोण बसले आहे आणि कोण उभे आहे, कोणाच्या हातात चहाचा कप आहे आणि कोणाचे हात पाठीमागे आहेत, एवढ्यावरून टोळीतल्या पायऱ्या कळतात.

तुमच्या बाजूने मात्र एक जुना दाखला देतो. फ्रिट्झ लांग यांच्या १९३१ सालच्या ‘एम’ या जर्मन चित्रपटात लहान मुलीचा खून पडद्यावर दिसतच नाही. तिचा चेंडू झुडपातून गडगडत येऊन थांबतो आणि तिचा फुगा विजेच्या तारांत अडकतो. त्याआधी खुनी येतो तो फक्त सावलीच्या रूपाने, आणि ती सावली पडते त्याच्याच शोधासाठी लावलेल्या बक्षिसाच्या जाहिरातीवर. आजच्या ट्रेलरवाल्यांनी या तीन दृश्यांचे व्याज नव्वद वर्षे खाल्ले आहे.

मुद्देमाल

माझे नाव वाचून काही जणांच्या लक्षात आले असेल. न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो आणि त्या काळात साक्षीपुराव्याच्या वस्तू हाताळणे हेच माझे काम होते. त्यामुळे ट्रेलर पाहताना माझी नजर चेहऱ्यांकडे जात नाही, पुराव्याच्या पाकिटांकडे जाते आणि घरची मंडळी माझ्याबरोबर चित्रपट पाहायला नाखूश असतात.

ट्रेलरमध्ये रक्ताने माखलेला शर्ट पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर पट्टी ओढून बंद केलेला दाखवतात. प्रत्यक्षात रक्ताचे ओले कापड प्लॅस्टिकमध्ये बंद केले तर ओलाव्याने ते कुजते, बुरशी धरते आणि तपासणीच्या कामाचे राहत नाही. म्हणून ते सावलीत वाळवायचे आणि कागदात गुंडाळायचे, अशी पद्धत आहे. वर दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाख, लाखेवर ठाण्याची मोहर, आणि वस्तूचे वर्णन, गुन्ह्याचा क्रमांक, तारीख, पंचांच्या व अधिकाऱ्याच्या सह्या असलेली चिठ्ठी. न्यायालयात हे पुडके पुढे येते तेव्हा आधी सील शाबूत आहे का ते पाहतात. आतली वस्तू त्यानंतर.

आता मला सांगा, तपकिरी कागदाचे हे पुडके पडद्यावर कोणाला कळेल? आत काय आहे ते दिसतच नाही. पारदर्शक पिशवी चुकीची असली तरी ती का वापरतात हे मला समजते, कारण प्रेक्षकाला एका क्षणात वस्तूही दिसायला हवी आणि ती जप्त झाली आहे हेही दिसायला हवे. पण लाख वितळून दोऱ्यावर पडते आणि तिच्यावर मोहर दाबली जाते, हे दृश्य मी आजवर एकाही ट्रेलरमध्ये पाहिलेले नाही. मेणबत्तीची ज्योत, लालभडक थेंब आणि पितळी मोहर. यापेक्षा आणखी काय हवे असते या लोकांना?

तीच गत खडूच्या आकृतीची. प्रेताभोवती खडूने रेघ ओढली तर घटनास्थळ बिघडते, म्हणून शहाणा तपास अधिकारी ते करत नाही. पिवळी पट्टीही परदेशी चित्रपटांतून आलेली. आपल्याकडे तिच्या आधी सुतळी येते, मग बॅरिकेड येतात आणि या दोन्हींच्या आधी बघ्यांची गर्दी आलेली असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करणे बंधनकारक झाले. म्हणजे आता प्रत्येक जप्तीच्या वेळी कोणीतरी पोलीस हातात मोबाईल धरून चित्रण करत उभा असतो. ही दृश्यखूण ट्रेलरमध्ये अजून रुळायची आहे.

निपाणीची लेक

मुद्देमाल काका, लाखेचा मुद्दा वाचून मजा आली. मला धुराबद्दल लिहायचे आहे. निपाणीच्या माणसाला तंबाखूबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, हे सर्वांना ठाऊक आहेच.

गुन्हेपटातला माणूस विचार करतो आहे, घाबरला आहे की कोणाची वाट पाहतो आहे, हे दाखवायला एकेकाळी सिगारेट पुरेशी होती. अंधारात आधी काडी पेटे, तिच्या उजेडात अर्धा चेहरा दिसे आणि मग धूर दिव्याच्या झोतात वर जाई. धुरामुळे प्रकाशाच्या रेषा डोळ्यांना दिसतात, म्हणजे सिगारेट हे प्रकाशयोजनेचेच एक साधन होते. २ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखूच्या दृश्यांच्या वेळी पडद्याच्या तळाशी इशाऱ्याची ओळ दाखवणे बंधनकारक झाले, आणि चित्रपटाच्या जाहिरात-साहित्यात तंबाखूचे सेवन दाखवण्यासही नियमाने मनाई आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरच्या मालिका-चित्रपटांनाही तसेच नियम लागू झाले. पडद्याच्या तळाशी पांढरी ओळ आली की काळोखाचा सगळा परिणाम जातो, हे कोणताही छायाचित्रकार सांगेल.

मग धूर गेला कुठे? माझे निरीक्षण असे की, तो दुसऱ्या रूपांत परत आला. चहाच्या कपाची वाफ, थंडीतला श्वास, गाडीच्या सायलेन्सरचा धूर, धुपाटणे, इस्त्रीच्या दुकानातली वाफ, डास घालवण्यासाठी येणारे फवारणीचे यंत्र. फवारणीचा धूर तर आता मला ट्रेलरमध्ये वारंवार दिसतो, कारण त्यातून माणूस बाहेर येताना दाखवता येतो. काडी पेटण्याचे काम मोबाईलच्या पडद्याने घेतले आहे. अंधारात खालून चेहऱ्यावर पडणारा निळसर उजेड म्हणजे आजची पेटलेली काडी. मात्र काडी विझत आली की बोट भाजायचे आणि त्यामुळे दृश्याला आपोआप एक मुदत असायची. मोबाईलला ती नाही, आणि तेवढा ताण कमी झाला.

चिकोडीची मास्तरीण

सर्वांचे वाचले. आवाज बंद करण्याची अट मला थोडी अन्यायाची वाटते, कारण ट्रेलर कापला जातो तोच आवाजावर. ठोका पडतो तेथे दृश्य तुटते. पण विषयच दृश्याचा आहे, म्हणून अट पाळते.

आपल्या भागातल्या प्रेक्षकाला एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर दिसते, ती म्हणजे गुन्हा कोणाच्या हद्दीत घडला आहे. गाडीच्या पाटीवर केए-२२ आहे की एमएच-०९, म्हणजे गाडी बेळगावची की कोल्हापूरची. पोलीस शिपायाच्या डोक्यावर कर्नाटकाची, २०२५ पर्यंत असलेली, एका बाजूने वर दुमडलेली टोपी आहे की दुसरी. मागून जाणारी बस कोणत्या महामंडळाची. टपरीवरच्या दुधाच्या पिशवीवर नंदिनी लिहिले आहे का. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून ये-जा करणारी आपण माणसे, ही वाचने आपल्याला शिकावी लागत नाहीत. कथा सातारा जिल्ह्यातल्या खेड्याची म्हणून सांगतात आणि मागच्या भिंतीवर सिमेंटची कन्नड जाहिरात अर्धवट पुसलेली दिसते, तेव्हा चित्रीकरण कुठे झाले ते आपल्याला कळते आणि ट्रेलरवरचा विश्वास तेवढा उडतो.

गुन्हेपटात हे जास्त खटकते, कारण गुन्हेपट प्रेक्षकाला बारीक पाहायला स्वतःच सांगत असतो. प्रेमकथेत पाटी चुकली तर कोणी विचारत नाही. येथे मात्र पाटी, तारीख, तिकीट, पावती यांवरच कथा उभी असते. ‘दृश्यम’चे उदाहरण घ्या. २०१३ साली मल्याळममध्ये, २०१४ साली कन्नडमध्ये आणि २०१५ साली निशिकांत कामत यांच्या दिग्दर्शनाखाली हिंदीत ही कथा आली. आपल्याकडच्या अनेकांनी कन्नड आणि हिंदी अशा दोन्ही पाहिल्या असतील. त्यात नायकाची ढाल काय आहे, तर बसची आणि चित्रपटाची तिकिटे आणि खाणावळीची बिले. कोणाच्याही खिशात चुरगळलेला असतो असा कागद. अशा चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये तिकिटावरची अक्षरे वाचता येणे हे सजावटीचे काम नाही.

दुसरे म्हणजे अक्षरे. आवाज बंद असला की पडद्यावर येणारी वाक्ये अधिक ठळक होतात. गुन्हेपटात ती बहुधा टंकलेखन यंत्राच्या वळणाची, अंतर सोडून मांडलेली आणि हळूहळू उमटणारी असतात, जणू कोणी जबाब टंकित करत आहे. देवनागरीत मात्र ही गंमत फसते. शिरोरेषा असलेली अक्षरे एकेक करून सुटी आणली की शब्द तुटल्यासारखा दिसतो. कन्नड लिपीला शब्दभर जाणारी शिरोरेषा नसल्याने तेथे हे चांगले साधते. मराठी ट्रेलरवाल्यांनी शब्दच्या शब्द एकदम आणावा, किंवा शिरोरेषा आधी ओढून अक्षरे तिला मागून लटकवावीत. माझ्या वर्गातल्या मुलांनी फळ्यावर खडूने हे करून दाखवले, आणि ते पडद्यावर पाहिलेल्या पुष्कळ गोष्टींहून बरे होते.

हुबळी रस्ता

टोपीचा विषय निघालाच आहे, तर पाट्यांवर ६० टक्के कन्नड असण्याच्या नियमाबद्दलही एकदा सविस्तर

व्यवस्थापक

वरील प्रतिसादातील पुढचा भाग वेगळ्या धाग्यावर हलवला आहे. येथे ट्रेलरमधील दृश्यांपुरतेच बोलावे.

खानापूरचा संकलक

नमस्कार. मी या धाग्यावर स्वार्थासाठी आलो आहे. आम्ही काही मित्र मिळून एक लघुपट करत आहोत. गावातला एक माणूस जांबोटीच्या बाजूला जातो आणि परत येत नाही, एवढीच कथा. चित्रीकरण बरेचसे झाले आहे आणि आता एक मिनिटाचा ट्रेलर कापायचा आहे. आमच्याकडे दोन एलईडी दिवे, एक कॅमेरा आणि चोर्ला घाटातील धुक्याचे भरपूर चित्रण आहे. मित्रांचा आग्रह आहे की सुरुवातीला सुरा दाखवावा, तोही चमकणारा. शहापूरकरांचे म्हणणे वाचून मला वाटते आहे की सुरा काढून टाकावा. पण मग एक मिनिटात लोकांना कळेल कसे?

शिवाय एक अडचण. घाटातले रात्रीचे चित्रण माझ्या संगणकावर सुंदर दिसते आणि मोबाईलवर नुसता काळा चौकोन दिसतो.

शहापूरकर

सुरा काढाच. चमकणारा सुरा पाहून प्रेक्षक घाबरत नाही, स्वयंपाकघरातला सुरा आठवतो.

आधी मोबाईलचे. इंटरनेटवर चढवताना चित्रफीत दाबून लहान केली जाते आणि त्यात सर्वांत आधी बळी जातो तो काळोखातल्या बारीक छटांचा. सलग काळ्या भागात पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागतात. त्यात पाहणारा दुपारच्या उजेडात, कमी चकाकीवर, बसमध्ये उभ्याने पाहत असतो. उपाय सगळेच उजळ करणे हा नव्हे. प्रत्येक काळ्या चौकटीत एक उजळ, कडक कडांची वस्तू ठेवा, म्हणजे डोळ्याला धरायला काहीतरी मिळेल. घाटातले धुके या कामी फार उपयोगी आहे. धुक्यात गाडीचे दिवे मागून येऊ द्या आणि माणूस त्यांच्यासमोर काळा दिसू द्या. चेहरा दिसण्याची गरज नाही. आणि हल्ली उभ्या चौकटीतही ट्रेलर टाकतात, तेव्हा दोन्ही बाजू कापल्या जातात. महत्त्वाची खूण कडेला असेल तर ती गेलीच.

दिव्याच्या रंगाबद्दलही सांगतो. आपल्या लहानपणी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते. त्या उजेडात रंग नीट ओळखू येत नाहीत. तांबडे तपकिरी होते आणि निळे काळपट. म्हणून त्या काळाच्या गुन्हेकथांना तो पिवळा उजेड शोभतो. २०१५ पासून देशभर एलईडीचे पांढरे दिवे लावण्याची मोहीम सुरू झाली आणि रात्रीचा रस्ता आता वेगळा दिसतो. तुमची कथा आजची असेल तर केवळ ‘गुन्हेपटासारखे दिसावे’ म्हणून सगळे पिवळे करू नका. पांढऱ्या दिव्याखालची, दवाखान्यासारखी उघडी पडलेली रात्र मला जास्त अस्वस्थ करते. खांब लांब लांब असल्याने मधल्या अंधारात माणूस नाहीसा होतो आणि पुढच्या दिव्याखाली पुन्हा दिसतो. तुमच्या कथेत तो पुढच्या दिव्याखाली दिसणार नाही. ट्रेलरचे शेवटचे दृश्य तुम्हाला मिळाले, असे मला वाटते.

बोलपट यांचा मुद्दा मान्य आहे. टोळीच्या चित्रपटाला माझी मांडणी पुरत नाही. तरी एक पाहा, तेथेही ट्रेलरमध्ये रिकामी खुर्ची आली की आपण लगेच भूतकाळात जातो.

बोलपट

रिकामी खुर्ची ही भूतकाळाची खूण नाही, शहापूरकर. ती पुढे कोण बसणार याची आहे. पण हा वाद आपण दोघे वर्षभर घालू शकू, म्हणून येथे थांबतो.

खानापूरच्या मित्राला एक सांगावेसे वाटते. धुक्याचे भरपूर चित्रण आहे म्हणून भरपूर वापरू नका. धुके, पाऊस आणि घाट म्हटले की आपल्या प्रेक्षकाला पर्यटनाची जाहिरात आठवते. आंबोलीचे धबधबे पाहायला जाणाऱ्या गाड्यांचे असेच चित्रण लोक दर पावसाळ्यात फिरवत असतात. धुक्याला गुन्ह्याचे करायचे तर त्यात धुक्याशी मेळ नसलेली एक गोष्ट हवी. उदाहरणार्थ, इंडिकेटर चालू असलेली, दार उघडी असलेली, रिकामी गाडी.

निपाणीची लेक

किंवा मोटारसायकल. हरवलेला माणूस खेड्यातला आहे, मोटार कुठून आणणार? स्टँडवर नीट उभी केलेली मोटारसायकल, हँडलला अडकवलेली बाजाराची पिशवी आणि पिशवीत भाजी. नीट उभी केली आहे, म्हणजे अपघात नाही. पिशवी आहे, म्हणजे त्याला घरी परतायचे होते. दोन गोष्टी सांगून झाल्या आणि एकही संवाद नाही.

चिकोडीची मास्तरीण

उत्तम. भाजी कोमेजलेली असली तर वेळही कळेल. पहिल्यांदा ताजी कोथिंबीर दाखवा आणि पंधरा-वीस सेकंदांनी, त्याच जागेवरून, त्याच कोनातून, सुकलेली. मधे काय दाखवले त्याला फारसे महत्त्व राहणार नाही.

एक सावधगिरी. प्रेक्षक आता ट्रेलर नुसता पाहत नाहीत, थांबवून तपासतात. यूट्यूबवर संगणकावरून पाहताना चित्र थांबवून अल्पविराम आणि पूर्णविराम या कळा दाबल्या की एकेक चौकट मागे-पुढे जाते, हे माझ्या विद्यार्थ्यांनीच मला शिकवले. त्यामुळे पुढच्या रहस्याची खूण ट्रेलरमध्ये एखाद-दुसऱ्या चौकटीपुरती जरी राहिली, तरी ती सापडेल आणि तिच्याभोवती लाल वर्तुळ काढून गावभर फिरेल. मोटारसायकलच्या पाटीचा क्रमांक कोणाच्या खऱ्या गाडीचा नाही, एवढे मात्र बघा.

खानापूरचा संकलक

सर्वांचे मनापासून आभार. सुरा गेला. मित्रांशी भांडण झाले, पण कोथिंबीर ऐकल्यावर तेही गप्प झाले. सध्याचा क्रम असा धरला आहे: बाजारात पिशवी भरली जाते, घाटात मोटारसायकल उभी, पिशवी हँडलला, घरी झाकून ठेवलेले ताट, बॅटऱ्या घेऊन शोधायला निघालेली माणसे, लांबून, सुकलेली कोथिंबीर, मग काका म्हणतात तो लाखेचा थेंब, आणि शेवटी दोन खांबांमधला अंधार. नाव त्यानंतर, शिरोरेषा आधी. बॅटऱ्यांचे दृश्य आम्ही आधी जवळून घेतले होते, त्यात सगळे चेहरे ओळखीचे वाटून पिकनिकसारखे दिसत होते. समोरच्या टेकडीवरून पुन्हा घेतले, आता नुसते ठिपके हलताना दिसतात.

मुद्देमाल काका, पुडक्यात काय ठेवावे? आणि चिठ्ठीवर काय लिहावे?

मुद्देमाल

पुडक्यात पिशवीच ठेवा, दुसरे काही नको. मात्र कोथिंबीर आणि पिशवी एका पुडक्यात बांधू नका, नाशवंत वस्तू वेगळी करतात.

कागद साधा तपकिरी घ्या, चकचकीत नको. दोरा पांढरा, सुती, उभा-आडवा बांधलेला, गाठ वर. लाखेची कांडी स्टेशनरीच्या जुन्या दुकानात मिळते. मोहर जड हवी आणि दाबल्यावर क्षणभर तशीच धरून ठेवायची, लगेच उचलली तर ठसा ओढला जातो. हे दाबून धरणेच कॅमेऱ्यासाठी चांगले, तुम्हाला एक स्थिर सेकंद मिळतो. हात मनगटापर्यंतच दाखवा आणि तो तरुणाचा नको. हे काम ठाण्यात बहुधा जुन्या हवालदाराकडे असते, त्याच्या बोटांना घाई नसते.

चिठ्ठीवर गुन्ह्याचा क्रमांक, तारीख, वस्तूचे एका ओळीत वर्णन आणि खाली सह्या. पंच दोन असतात, म्हणून पंचांच्या सह्या दोन. त्यांतली एक मोडक्या हाताची, कारण पंच गावातलाच कोणीतरी असतो. अधिकाऱ्याची सही मात्र सराईत. आणि तुमचे ठाणे खानापूरचे आहे, तेव्हा छापील मजकूर कन्नडमध्येच हवा. पंचांनी सह्या मराठीत केल्या तर चालते. मी अशा चिठ्ठ्या कितीतरी पाहिल्या आहेत.